काथ्यावरची अंडी

मासे खाण्यात आमच्या घराचा हात कोणी धरला नसता. पण मासे पाळणं हा किती घाणेरडा उद्योग आहे, ते मला बाबांची गिरणी बंद पडल्यावर कळलं. तेव्हा मी नववीत होते. घाटकोपरच्या आमच्या एका खोलीत, मोरीच्या कट्ट्यालगत, बाबांनी काचेची टाकी आणून ठेवली आणि तिच्यात सोनेरी माशांची एक जोडी सोडली.

आईने कमरेवर हात ठेवून विचारलं, "खावचे मासे सोडून हे कसले पोसतास? ह्यांची कढी तरी होतली काय?"

बाबांना कढी नको होती, काम हवं होतं. स्टेशनजवळच्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराने त्यांना सांगितलं होतं, "काका, बोटाच्या पेराएवढी पिल्लं वाढवून दाखवा. जमलं तर मागच्या शेडमध्ये कायमचे लागा कामाला." झालं. उभी हयात मागावर काढलेला माणूस माशांचं बाळंतपण करायला बसला.

पहिली घाण किड्यांची. मासे चांगले पोसले जावेत म्हणून बाबा नाल्याच्या कडेचा गाळ उपसून त्यातून लाल, केसांसारखे बारीक किडे वेचून आणत आणि माझ्या जुन्या डब्याच्या झाकणात घालून मोरीत नळाखाली धूत बसत. ते किडे एकमेकांत गुंतून त्यांचा एक गोळा व्हायचा आणि तो गोळा श्वास घेतल्यासारखा हलायचा. त्याच मोरीत आम्ही अंघोळी करायचो. मी भिंतीकडे तोंड करून दात घासायची, तरी ओकारी यायचीच.

मग नराच्या कल्ल्यांवर पांढऱ्या पुटकुळ्या आल्या. बाबा खूश, कारण तो वयात आल्याची ती खूण म्हणे. दोन दिवस तो त्या मादीला ढुशा देत टाकीभर पिटाळत होता. ती दमून कोपऱ्यात गेली की तिथेही हा हजर. मला ते बघवत नव्हतं आणि आमच्या खोलीत दुसरीकडे बघायला जागा नव्हती.

बाबांनी गावच्या काथ्याची जुडी उकळून पाण्यात सोडली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिला साबुदाण्याहून बारीक, चिकट अंडी लागलेली दिसली. मादीने ती घातली आणि लगेच वळून स्वतःच खायला लागली. नरही आला मदतीला. असले आईबाप मी जन्मात पाहिले नव्हते. बाबांनी धावतपळत दोघांना पिंपात हलवलं म्हणून थोडी अंडी वाचली.

त्यातून पिल्लं निघाली ती दोन डोळे आणि एक शेपटी एवढीच. पुढे वाढली तरी रंग मळकट राखाडी. सोनेरी म्हणे! बाबा त्यांना उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालत. तो पाण्यात कुजला की खोलीभर वास सुटायचा, म्हणून रोज थोडं पाणी बदलावं लागे. ते काम माझं. नळाच्या पाण्यातल्या औषधाने पिल्लं मरतात, म्हणून एक बादली आदल्या दिवशीच भरून ठेवायची आणि तेच पाणी घालायचं, असा नियम होता.

पिल्लं पेराएवढी झाली, त्या दुपारी बाबा दुकानदाराला तसं सांगायला गेले. मी बादलीवरची ताटली उचलली, तर पाण्यावर बुळबुळीत साय आणि तिच्यात पाय वर करून झुरळ. मी सगळी बादली मोरीत ओतली. नळ सकाळीच गेला होता. ओट्यावर आमचा प्यायच्या पाण्याचा तांब्याचा हंडा होता. आईने कालच चिंच-मिठाने घासून लख्ख करून भरलेला. म्हटलं, हेही कालचंच, आणि आपण पितो ते, म्हणजे त्याहून चांगलं. हंडा अर्धा केला.

संध्याकाळी बाबा आले तेव्हा पिल्लं आडवी तरंगत होती. ते चहाच्या गाळणीने एकेक काढायला लागले.

"पाणी बादलीतलंच घातलंस ना गं?"

बादली ओतली म्हणून ओरडतील, एवढ्याच भीतीने मी "हो" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चार मेलेली पिल्लं बाटलीत घालून बाबा दुकानात गेले. बरोबर मी होते. दुकानदाराने बाटली उजेडात धरली. "तांब्याच्या भांड्यातलं पाणी तर नाही घातलं? माशांना विष असतं ते."

"छे हो," बाबा म्हणाले. "आमची पोरगी भरते. ती कधी चुकत नाही."

मी बाटलीकडे बघत उभी राहिले.

"मग काका, तुमचा हातच नाही या कामाला," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

बाबा मरोळच्या एका कारखान्याच्या फाटकावर वॉचमन म्हणून लागले आणि थकेपर्यंत तिथेच राहिले. किड्यांची किळस मला पुढे राहिली नाही, स्वतःची राहिली. बऱ्याच वर्षांनी माझ्या मुलीने एक सोनेरी मासा आणला आणि आजोबांपुढे खाण्याची डबी धरली. "तुम्ही घाला ना," ती म्हणाली.

बाबांनी दोन्ही हात मागे घेतले. "माझा हात नको गं लागायला. वाईट आहे."

मी शेजारीच उभी होते. तेव्हाही बोलले नाही.