सुनंदाच्या वतीने दिलेलं उत्तर

शेवटच्या दुपारी नर्स शौचासाठी पोटावर लावलेली पिशवी बदलायला आली, तेव्हा मी सवयीने उठलो. ऑपरेशन झाल्यापासून सुनंदा, माझी बायको, अशा वेळी मला बाहेर पाठवायची. त्या दिवशी म्हणाली, "थांबा हो... आता काय लपवायचंय?" मी थांबलो. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. त्याला सात आठवडे झाले.

सुनंदा गास गावची, शेतकऱ्याची मुलगी. बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आली तरी बाल्कनीत तिने अळू आणि मिरच्या लावल्याच. बोलायला फटकळ. "तुमचं डोकं दुखलं की अख्ख्या सोसायटीला कळतं," असं मला चिडवायची. स्वतःच्या दुखण्याबद्दल मात्र गप्प. दोन वर्षांपूर्वी भाजी निवडताना, मान वर न करता म्हणाली, "शौचाला रक्त पडतंय. खाली जड जड वाटतं." मी म्हणालो, "मूळव्याध असेल. नाहीतर पाळी जायचं वय..." आणि चूर्ण आणून दिलं.

चार महिन्यांनी दवाखान्यात गेलो. डॉक्टर पुरुष होते. "बोटाने आतून तपासावं लागेल, सिस्टर सोबत असतील," ते म्हणाले. सुनंदाने माझ्याकडे पाहिलं. मी तिला विचारलंसुद्धा नाही. "नको, गरज नाही. मलमच द्या," असं मीच सांगून टाकलं. बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी तयार होते हो."

मलमात आणखी सात महिने गेले, मग तपासणीत कॅन्सरची गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी सर्जनबाईंनी कागदावर चित्र काढलं. पुढे गर्भाशय आणि योनी, त्यांना लागूनच मागे गुदाशय, मध्ये अगदी पातळ पडदा. गाठ गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर होती, म्हणून तो जडपणा पाळीच्या त्रासासारखा वाटला. आता ती पडदा ओलांडून योनीपर्यंत गेली होती. "किती आत होती?" मी विचारलं. "बोट पोचेल इतकीच," बाई म्हणाल्या. पंचवीस वर्षांच्या संसारानंतर बायकोचं शरीर आतून कसं असतं, हे मला तेव्हा कळलं.

सुनंदाने मला कधी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं...

ऑपरेशननंतर ती बाथरूममध्ये असली की मी बाहेर स्टुलावर बसायचो. "टॉवेल देऊ?" विचारायचो. कधी "द्या", कधी "घाई काय आहे?" अजूनही सकाळी तिथे बसतो, विचारतो... आणि या वेळी उत्तर तिनेच द्यावं म्हणून गप्प राहतो.