नथूकाकाचा म्हैसासुर

नथूकाका सिनेमात चार मिनिटं आहे, पण त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही.

सिनेमाचं नाव ‘तेरह मशालें’. डोंगरातला एक पंथ, काळे झगे घातलेले तेरा मशालवाले, रेड्याच्या तोंडाचा त्यांचा देव आणि त्या देवाला दर अमावास्येला एक अशा लागणाऱ्या तेरा मुली, अशी काहीतरी गोष्ट. मुंबईच्या थिएटरांत तो लागला की नाही, कुणास ठाऊक. तसले सिनेमे तेव्हा जत्रेतल्या तंबूंत आणि एसटी स्टँडमागच्या व्हिडिओ सेंटरांत फिरायचे आणि वर्षभरात विसरले जायचे. आमच्या गावात मात्र तो विसरला गेला नाही.

टोकावड्याच्या पुढे, माळशेजच्या रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव. वैशाखात गावदेवीचा बोहाडा होतो. लाकडाचे मुखवटे चढवून, संबळाच्या तालावर देव आणि राक्षस मैदानात येतात. मुखवट्याला आणि तो नाचवणाऱ्याला मिळून आम्ही सोंग म्हणतो, आणि प्रत्येक सोंग एकेका घराचं असतं. देवीचं सोंग महादूच्या घरचं. म्हैसासुराचं नथूकाकाच्या. पांगाऱ्याच्या लाकडाचं तोंड, खऱ्या रेड्याची शिंगं, पणज्यापासून चालत आलेलं. वर्षभर ते लाल फडक्यात, पेटीत. पेटी उघडायची तर ज्याचं सोंग त्यानं देवळात जाऊन कौल लावायचा. दोन फुलं पाण्यात बुडवून देवीच्या दोन खांद्यांना चिकटवायची. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार.

बाकीची सोंगं रात्रभर येऊन जात. म्हैसासुर शेवटी, चांगलं उजाडल्यावर. तो यायचा सावकाश. एक पाऊल, मग संबळ थांबायचं, मग दुसरं पाऊल. मैदान ओलांडायलाच त्याला पाऊण तास लागे. आम्ही मुलं आयांच्या पदरात तोंड खुपसून बसायचो, कारण तो धावत आला असता तर पळता आलं असतं. सावकाश येणाऱ्यापासून कसं पळायचं, ते कळत नसे. शेवटी देवी त्याला पाडायची आणि मग बायका आपापली तान्ही मुलं घेऊन पुढे यायच्या. पडलेल्या म्हैसासुराच्या शिंगांवरून मूल ओलांडून नेलं की वर्षभर ते झोपेत दचकत नाही, असं मानत. सोंग उतरवून नथूकाका घरी यायचा तेव्हा पुन्हा नेहमीचा नथूकाका असायचा. बारीक, जरा बहिरा, बकरीशीसुद्धा हळू बोलणारा.

शहाण्णव सालच्या सुरुवातीला, थंडीत, सिनेमावाले आले. टोकावड्याच्या ढाब्यावर उतरले आणि आमच्या गावामागच्या कातळावर आठ दिवस काम केलं. दिवसा उन्हात मशाली पेटवायचे आणि कॅमेऱ्यावर निळी काच लावून त्याची रात्र करायचे. मशालवाले म्हणून गावातले तेरा गडी घेतले. त्यांत नथूकाका होता, महादूही होता.

“काळ्या झग्यात कसा दिसतोय रे मी?” महादूनं विचारलं.

“पावसात भिजल्या छत्रीवानी,” नथूकाका म्हणाला.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला. मुंबईहून रबराचं रेड्याचं तोंड आणलं होतं, ते जीपच्या टपावरून घाटात पडलं आणि मागून येणारा ट्रक त्यावरून गेला. त्यांचा दिग्दर्शक डोकं धरून कातळावर बसला. तेव्हा नथूकाका पुढे झाला. त्याला कुणी विचारलं नव्हतं.

“आमच्याकडं हाय एक,” तो म्हणाला. “तुमच्या रबरापेक्षा भारी.”

महादूनं त्याचा झगा ओढला. “नथू, ते द्यायचं नसतं.”

“देतोय कुठं? मीच घालून नाचनार. पाच गावांनी बघितलं आतापर्यंत, आता सगळी दुनिया बघंल.”

“देवीला इचार आधी.”

“इचारतो ना. तिला नको का दुनिया बघायला?”

दुसऱ्या दिवशी सकाळी तो देवळात जाऊन आला आणि कौल मिळाल्याचं त्यानं सांगितलं. त्या कातळावर, निळ्या काचेपुढे, नथूकाका मन लावून नाचला. वैशाखात नाचायचा तसाच. पायात काही न घालता, आदल्या दिवशी उपास धरून.

पुढच्या पौषात म्हसा गावच्या जत्रेत ‘तेरह मशालें’ तंबूत लागला. गावातून टेम्पो भरून माणसं गेली. मी नऊ वर्षांची होते. नथूकाका आणि सकुकाकी सगळ्यांत पुढे, सतरंजीवर. त्यांचा सुयोग पाठीमागे मित्रांत उभा. तो एकोणीस वर्षांचा होता, दोन वर्षं बापाकडून नाचाचे पाय शिकत होता. पुढल्या साली सोंग सुयोगच्या डोक्यावर चढवायचं, हे घरात ठरलेलं होतं. नथूकाकाला तेवढीच एक गोष्ट आयुष्यात करून जायची होती.

पडद्यावर म्हैसासुर आला आणि धावायला लागला. नथूकाकाचा सगळा नाच त्यांनी जलद पळवला होता. एकेक पाऊल मोजून टाकणारे ते पाय चावीच्या खेळण्यासारखे टकटक नाचत होते. वर कुणाचा तरी घोगरा आवाज घातला होता, “तेरहवीं कहाँ है? मुझे तेरहवीं दो!” तंबू हसला. आमच्या गावची माणसंही हसली. त्यात वाईट काही नव्हतं, आपला माणूस सिनेमात दिसल्याचा आनंदच होता. नथूकाकाही वळून सगळ्यांकडे बघत हसला. येताना टेम्पोत महादू त्याला म्हणाला, “नथ्या, तुला एवढं पळता येतं होय? मग एसटी कशी चुकते तुझी?”

वैशाख आला. उजाडलं, संबळ वाजलं, आणि म्हैसासुर मैदानाच्या कडेला उभा राहिला. पहिलं पाऊल. संबळ थांबलं. त्या शांततेत एक मूल ओरडलं, “तेरहवीं कहाँ है?”

आधी मुलं हसली, मग बाया, मग माणसं. सोंग थबकलं. मग त्यानं दुसरं पाऊल टाकलं, पुन्हा संबळ थांबलं आणि या वेळी दहा-बारा आवाज आले. संबळ थांबेल तिथं ते वाक्य बरोबर बसत होतं. नथूकाका पाऊण तास चालला. एकही पाऊल त्यानं गाळलं नाही. देवीनं पाडल्यावर तो नेहमीसारखा उताणा पडून राहिला, शिंगं वर करून. एकही बाई मूल घेऊन पुढे आली नाही. कुणी ठरवून केलं नव्हतं. ज्याला हसलो, त्याच्या शिंगांवरून मूल कशाला न्यायचं? बराच वेळ झाल्यावर महादूनंच, अंगावर देवीचं लुगडं तसंच असताना, वाकून त्याला हात दिला.

घरी गेल्यावर सुयोग म्हणाला, “बाबा, मला नको ते सोंग.”

“का रे?”

“तुमच्यावर हसले. माझ्यावर जास्त हसतील.”

“दोन साल जाऊ दे. विसरतील.”

“नाय विसरायचे. कंपनीतसुद्धा मला तेरहवी म्हनतात.”

सुयोग तेव्हा मुरबाडच्या एका कारखान्यात लागला होता. त्यानंतर बोहाड्याच्या दिवसांत त्याला कधी सुट्टी मिळाली नाही. नथूकाकानं दोन वर्षं वाट पाहिली. मग एका सकाळी पेटी डोक्यावर घेऊन देवळात नेली आणि पंचांपुढे ठेवली. घरचं सोंग घरानं परत करणं गावात कधी झालं नव्हतं. सकुकाकी सांगते की परत येताना तो रस्त्यात दोनदा उभा राहिला. डोक्यावर ओझं नव्हतं, म्हणून तोल जात होता म्हणे.

गावानं म्हैसासुर नवसूला दिला. नवसू चांगला पोरगा. तो दोनदा नथूकाकाकडे आला, म्हणाला, पाय शिकवा. दोन्ही वेळा नथूकाकानं त्याला चहा पाजून परत पाठवलं. “मी सोंग उतरवलंय रे. आता माझं काय त्यात?”

दोन हजार नऊच्या वैशाखात मी बऱ्याच वर्षांनी बोहाड्याला गावी आले होते. एमएचं पहिलं वर्ष संपलं होतं. आदल्या दुपारी नथूकाकाच्या ओट्यावर गेले. एक गोष्ट बारा वर्षं सांगायची राहिली होती.

“नथूकाका, त्या साली पहिल्यांदा जी ओरडली, ती मी होते.”

त्यानं कानाला हात लावला. मला पुन्हा, मोठ्यानं सांगावं लागलं. आत सकुकाकीचं भांडं वाजायचं थांबलं.

तो म्हणाला, “डावं पडलं होतं गो.”

“काय?”

“कौल. सिनेमाच्या टायमाला. देवीनं डावं फूल टाकलं. मी उचलून परत लावलं. परत डावं. तिसऱ्यांदा लावलं तवा उजवं पडलं, मग मी आलो घरी.” तो बोटांनी ओट्यावरचा कोंडा गोळा करत होता. “ती दोनदा नाय म्हनली. तू नऊ वर्साची पोर, तू काय, एकदाच ओरडलीस.”

आतून सकुकाकीचा आवाज आला. “मला कधी बोलले नाय हे.”

“तू इचारलं नाय,” नथूकाका म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी मैदानावर गेले नाही. उजाडता उजाडता त्याच्याच ओट्यावर जाऊन बसले. मैदान तिथून दिसत नाही, पण संबळ ऐकू येतं, नथूकाकालाही. म्हैसासुर आल्याचं आम्हाला तालावरून कळलं. पण तो ताल कुठे थांबतच नव्हता. टकटक, टकटक, घाईत.

“असं का वाजवतायत?” मी विचारलं.

“नवसूनं कल्यानहून सीडी आनली होती, सिनेमाची,” सकुकाकी म्हणाली. “त्यात बघून शिकला म्हनं. दुसरं कोन शिकवनार?”

मैदानावरून टाळ्या ऐकू आल्या. लोकांना आवडत होतं. नथूकाकानं चप्पल काढून बाजूला ठेवली आणि उजवा पाय जमिनीवर टेकवला. मग थांबला. इतका थांबला की मला वाटलं, झालं. मग डावा टेकवला. पुन्हा थांबला. तो असा चौथ्या पावलाला आला, तेव्हा तिकडे देवीनं म्हैसासुराला पाडलंसुद्धा होतं.