दहावा शब्द

जपानच्या त्या मोठ्या भूकंपानंतर दोन वर्षांनी बँकेने मला टोकियोला पाठवलं. तेव्हा जपानला यायला कुणी तयार नव्हतं, म्हणून माझा नंबर लागला. तीन वर्षांसाठी आलो आणि फुनाबोरीत दहा वर्षं काढली. आमच्या इमारतीत मराठी घरं सहा. गणपतीत मी त्यांच्याकडे आरतीला जायचो, मोदक हाणायचो. माझ्या दाराच्या चौकटीवर मेझुझा होता, म्हणजे लाकडी नळीत गुंडाळून ठेवलेलं देवाचं वचन. त्याचं कुणाला कधी काही वाटलं नाही. आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. अलिबागच्या बाजूला आम्हाला शनवार तेली म्हणत, कारण वाडवडील तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे.

मग तिकडे इस्रायलमध्ये युद्ध पेटलं आणि मी एकाएकी जगातला फार महत्त्वाचा माणूस झालो. लिफ्टमध्ये शेजारच्यांनी माझी पाठ थोपटली. म्हणाले, "तुमच्या लोकांनी दाखवून दिलं हां!" ऑफिसच्या कँटीनमध्ये दुसऱ्या विभागातल्या एका बाईंनी मी बसलो तसा ट्रे उचलून टेबल बदललं. मी यातलं काहीच केलं नव्हतं. मी बँकेत लोकांचे अर्ज तपासतो. बायको हळूच म्हणाली, "मेझुझा थोडे दिवस आतल्या बाजूला लावू या का?" मी तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी मीच स्क्रू काढले. त्याची लाज मला आजही वाटते.

त्याच हिवाळ्यात बाबांचं वर्ष आलं. आमच्यात माती त्याच दिवशी देतात, जपानहून कोण पोहोचणार? मी घरी गेलो तेव्हा बाबांना पुरून दीड दिवस झाला होता. निदान वर्षाला कद्दीश म्हणेन, असा शब्द मी आईला दिला होता. कद्दीश म्हणजे गेलेल्या बापासाठी मुलाने म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही, दहा पुरुष लागतात. गावात आता दहा कुठले? आमची निम्मी माणसं इस्रायलला गेली, उरलेली ठाण्याला.

आई फोनवर म्हणाली, "इथे तीन म्हातारे उरलेत रे, त्यातल्या एकाला ऐकू येत नाही. तू एवढ्या मोठ्या शहरात आहेस. तिथे जमतील."

टोकियोत एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर प्रार्थनेची छोटी खोली होती. आमच्या नव्या वर्षाच्या सणाला मी पूर्वी दोनदा जाऊन आलो होतो. तेव्हा दार उघडं असायचं आणि गर्दीत कोण कुणाला बघतो? आता आठवडाभर आधी नाव कळवायचं होतं, पासपोर्टचा फोटो पाठवायचा होता, आणि आपण ज्यू असल्याचं गावच्या रब्बीचं, म्हणजे धर्मगुरूचं, पत्र. मी कळवलं की आमच्याकडे रब्बी नसतो, हजान असतो, तो प्रार्थना म्हणतो, आणि आमचे हजान वारले. त्यावर उत्तर आलं, "या, भेटून बोलू."

रविवारी सकाळी गेलो. बायकोने पहाटे उठून मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, वेलची आणि निशी-कासाईच्या दुकानातलं गोठवलेलं खोबरं. वर्षाला मलिदा वाटायचा, ही आमची रीत. दारातल्या जपानी पहारेकऱ्याने तीनतीनदा माफी मागत स्टीलचा डबा उघडला आणि पोह्यांत काही लपवलंय का ते पाहिलं. मी त्याला दोष देत नाही. त्या इमारतीच्या भिंतीवर कुणीतरी घाणेरडं लिहून गेलं होतं, ते पुसलेलं अजून दिसत होतं. आतली माणसं घाबरलेली होती आणि त्यांची भीती खरी होती.

रब्बी तरुण होता, बोलायला गोड. डबा बघून म्हणाला, "घरचं अन्न आत नेता येत नाही, आमचे नियम कडक आहेत." डबा चपलांच्या कपाटावर राहिला.

आत नऊ जण होते. मी धरून दहा. मनात म्हटलं, बाबा, जमलं.

आमच्या धर्मात माणसं एक, दोन, तीन अशी मोजत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ आहे, तिच्या एकेका शब्दाला एकेक माणूस धरतात. आमच्या गावात हे काम बाबांचं असायचं. मुलगा तेरा वर्षांचा झाला की पुरुषांत मोजायला धरतात. मला तेरा पूर्ण झाली त्या शनिवारी बाबा ओळ म्हणत बाकांमधून आले, नववा शब्द लुकड्या सुताराला गेला, आणि दहावा त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून इतक्या मोठ्याने म्हटला की बाहेर बायका हसल्या. त्या दिवशी मी घरी चालत नाही, उडत आलो होतो.

इथे रब्बीने ओळ सुरू केली. बोट फिरत फिरत आलं. नववा शब्द माझ्या शेजारच्याला मिळाला. मी नकळत डोकं खाली केलं. रब्बी थांबला, त्याने घड्याळाकडे बघितलं आणि फोन लावला.

मी विचारलं, "मी आहे ना?"

"तुम्ही आहातच," तो म्हणाला. "मला स्वतःला काही शंका नाही. पण कागद नाही, आणि सध्याचे दिवस असे आहेत. तुम्ही समजून घ्याल."

मी समजून घेतलं. कँटीनमधल्या बाईंना माझ्याबद्दल शंका नव्हती, लिफ्टमधल्या शेजाऱ्यालाही नव्हती. शिव्या खायला मी पुरेसा ज्यू होतो, शाबासकी घ्यायलाही होतो. माझ्या बापासाठी मात्र मी कमी पडलो.

पाऊण तासाने कुठलासा प्रवासी पाठीवरची पिशवी सावरत, जांभया देत आला. रब्बीने पहिल्यापासून ओळ म्हटली आणि दहावा शब्द त्याच्यावर ठेवला. मग मला कद्दीश म्हणू दिला. सगळे 'आमेन' म्हणाले, अगदी मनापासून म्हणाले. त्यांच्यावर धड रागावताही येईना.

डबा तसाच घेऊन फुनाबोरीला आलो. आम्ही मलिदा वाट्यांत घालून सहाही घरी दिला. लिफ्टमधल्या शेजाऱ्यांनी विचारलं, "प्रसाद कसला?" मी म्हणालो, "वडिलांचं वर्ष." त्यांनी वाटी कपाळाला लावली आणि उभ्या उभ्या सगळा खाल्ला. मला त्यांचा फार राग होता, तोही तेवढ्यापुरता गिळावा लागला.

संध्याकाळी आईचा फोन आला. "मलिदा वाटलास?"

"वाटला. उरला नाही."

"आणि दहा जमले का रे?"

"अकरा होते, आई."

"अकरा!" आईचा आवाज किती दिवसांनी असा फुलला होता. "म्हणजे एक जास्तच की!"

"हो," मी म्हणालो. "एक जास्त होता."