हरीदादांचं वर्जन

"वजन किती?"

मुलाखतीला आलेल्या मुलीला कुणी हे विचारतं का? टेबलापलीकडचा माणूस तर कॉम्प्युटरमधून मानही वर काढत नव्हता. माझं डोकंच फिरलं. "माझ्या वजनाचा आणि नोकरीचा काय संबंध?" मी ताडकन विचारलं. त्यानं खांद्यात दाबून धरलेला फोन दाखवला. "तुला नाय गो पोरी, गिऱ्हाइकाला इचारतोय. वर्जन! वर्जन किती हाय त्याचा?" हरीदादांची माझी ओळख झाली ती अशी. वर नोकरीही मिळाली, कशी ते देव जाणे.

पनवेलला एसटी स्टँडसमोर, भांड्यांच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. दादा, म्हणजे हरेश्वर म्हात्रे, बेलपाड्याचे. भातशेती सरकारनं नव्या शहरासाठी घेतली, तेव्हा पुस्तकं आणून कॉम्प्युटर शिकले. "शेत गेला, म्हणून हात बांधून बसाचा काय?" म्हणायचे. त्यांनी एक प्रोग्रॅम लिहिला होता. मजकूर टाइप करायचा जो एडिटर असतो, त्यातच बसून ई-मेल वाचायची आणि लिहायची. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. आम्ही पोरीबाळी हसायचो. पण जुनी मशीन असलेली, नजर अधू झालेली माणसं त्यावर जीव टाकायची.

वर्जनचा, म्हणजे आवृत्त्यांचा, त्यांचा नियम एकच, "विषम घरात, सम दारात." म्हणजे ४.५ आपण घरात मोडायची, फोडायची; लोकांना द्यायची ती ४.६. आणि ती देण्याआधी सोबतच्या माहितीत 'किमान गरज' या मथळ्याखाली जे जे जुने एडिटर लिहिलेत, त्या प्रत्येकावर चालवून बघायची. त्यासाठी कोपऱ्यात एक म्हातारा कॉम्प्युटर ठेवला होता. तो सुरू होईस्तोवर खाली जाऊन चहा पिऊन येता यायचं. "चालवलंस? मंग लिव. नाय चालवलंस? मंग नको लिवू."

४.६ द्यायची वेळ आली, तेव्हा दादा पुतणीच्या हळदीला गेले होते. आगरी हळद म्हणजे तीन दिवस माणूस हाती लागत नाही. काम माझ्याकडे होतं. 'जुन्या एडिटरवरही चालते,' ही ओळ मी मागच्या आवृत्तीवरून तशीच उचलली आणि ४.६ दिली सोडून. त्या थेरड्या कॉम्प्युटरपुढे कोण ताटकळत बसणार!

चौथ्या दिवशी उरणहून फोन आला. एक निवृत्त मास्तर बोलत होते. त्यांचा मुलगा बोटीवर होता, तिथेच आजारी पडून गेला. सहा वर्षं त्यानं लिहिलेल्या मेल हेच मागे उरलेलं. रोज संध्याकाळी मास्तर मोठ्या अक्षरात एक पत्र उघडून बायकोला वाचून दाखवायचे. नवी आवृत्ती घातल्यापासून एकही दिसेना. "गेली का गं बाळ ती?" त्यांनी विचारलं. सांगायला लाज वाटते, पण मी म्हणाले, "तुम्ही इतका जुना एडिटर वापरताच कशाला?"

हळदीहून परतलेल्या दादांनी माझ्या हातून फोन काढून घेतला. "मास्तर, कशाला हात लावू नका. आमी येताव."

उरणच्या एसटीत मी मुसमुसत होते. दादा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "रडून वर्जन बदलत नाय, शुभांगी."

मास्तरांच्या बायकोनं आम्हाला पाणी दिलं आणि त्या भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. दादा बसण्याआधीच बोलले, "चूक आमची हाय, मास्तर. न चालवता लिवला आमी." आमी! माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मग आमचा प्रोग्रॅम बाजूला सारून त्यांनी नुसता एडिटर उघडला आणि पत्रांच्या फोल्डरमधली एक फाइल घेतली. पडद्यावर अक्षरं आली.

"काय लिवलंय?" बाईंनी विचारलं. त्यांना वाचता येत नव्हतं.

मास्तरांनी चष्मा पुसला. "आई, इथला भात घशाखाली उतरत नाही. तू कशी आहेस?"

बाई भिंतीपासून पुढे आल्या. "हाय रे बाबा, बरी हाय," त्या पडद्याकडे बघून म्हणाल्या. मला तिथे उभं राहवेना.

"साधी अक्षरं हायत ती," दादा हळूच म्हणाले. "आमचा प्रोग्रॅम बंद पडला तरी वाचता येतील. म्हणून तर असा बनवलाय." मग त्यांनी मास्तरांना आधीची ४.४ परत बसवून दिली. पुढचे चार दिवस मी त्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरपुढे बसले आणि ४.८ तयार केली.

नंतर मी मोठ्या कंपनीत गेले. दादा अचानक, हृदयविकारानं गेले. त्यांचं काम कुणाच्या तरी ताब्यात द्यायचं म्हणून वहिनींनी मला बोलावलं. कोणती आवृत्ती कुणी दिली आणि तिच्यात काय बदललं, याची यादी दादा एका फाइलमध्ये ठेवायचे. ती वाचत वाचत मी ४.६ वर आले.

'४.६. हरेश्वर म्हात्रे. न चालवता दिली. चूक माझी.'

आणि खाली, '४.८. शुभांगी. मास्तरांची पत्रं दिसू लागली.'

इतकी वर्षं माझी चूक त्यांच्या नावावर होती, आणि मला पत्ताही नव्हता.