ठमाबाईने शिवलेला खिळा

ठमाबाईचं पाण्याशी वाकडं होतं. नवरा सदू दासगावला होडीसकट सावित्री नदीत बुडाला, तेव्हापासून पोलादपूरहून महाडच्या बाजाराला जाताना एस्टी पुलावर आली की ही डोळे गच्च मिटून घ्यायची. अशा बाईचा एकुलता एक मुलगा विनीत शिकला काय, तर समुद्रशास्त्र! देवालाही कधीकधी मस्करी सुचते.

दक्षिणेच्या गार समुद्रात जाणाऱ्या संशोधनाच्या बोटीवर विनीतला एका सफरीपुरती जागा मिळाली. काम चोख झालं तर कायमची नोकरी. निघायच्या आधी ठमाबाईने त्याच्या स्वेटरच्या बाहीच्या दुमडीत लोखंडाचा खिळा शिवला. लोखंड अंगावर असलं की वाईट जवळ फिरकत नाही, हे तिला आईने सांगितलेलं. विनीतला मात्र तिने सांगितलं नाही. शिकलेली पोरं हसतात.

सफर संपवून विनीत घरी आला. स्वेटर धुवायला घेतला तेव्हा तिला दिसलं, बाहीची दुमड उसवलेली, आत खिळा नाही, नुसता गंजाचा तांबूस डाग.

संध्याकाळी तिनेच विषय काढला. “बोटीवर काय झाला रे?”

“आई, तिथल्या पाण्यात बाकी सगळं असतं, लोखंडच नसतं. डोळ्यांना न दिसणारी हिरवी रोपं असतात त्यात. बारकी असतात ती कणभर लोखंडावर निभावून नेतात. काचेची कवचं असलेली मोठी असतात, त्यांना जास्त लागतं. ती उपाशी राहतात.”

“मोठ्यांची पोटा मोठी. मग?”

“बाटल्यांत पाणी भरलं. काहींत लोखंड घातलं, काहींत नाही. कोण वाढतं ते बघायचं होतं. तर जिथे घातलंच नव्हतं, तिथेही मोठी माजली. सगळी मेहनत वाया.”

“तिथं लोखंड आला कुठनं?”

“बाटल्या भरायच्या खोलीत बाहेरचं लोखंड येऊ नये म्हणून फक्त तिथलेच स्वच्छ कपडे घालायचे असतात. मी आतून स्वेटर घातला. थंडी मरणाची होती.” त्याची नजर दोरीवर वाळणाऱ्या स्वेटरच्या उसवलेल्या बाहीवर गेली. “बोटीचंच असेल,” तो म्हणाला.

खिळा सापडला म्हणून ओरडला असता तर बरं झालं असतं. तिलाही उलटं ओरडता आलं असतं.

“परत नेनार नायत?”

“नाही. सोमवारपासून एमआयडीसीत जातो. घरून येऊन-जाऊन.”

पोरगा रोज घरी जेवेल, पाण्यावर जाणार नाही. इतकी वर्षं तिने हेच मागितलं होतं. मनात काहीतरी हलकं झालं आणि त्याचीच तिला लाज वाटली. ‘चुकला माझा’ हे शब्द ओठांपर्यंत आले. पण तो उद्या परत निघाला असता, तर तिने पुन्हा तेच केलं असतं. मग कुठल्या तोंडाने म्हणायचं?

“भाकरी वाढू?”

“भूक नाही.”

ती चुलीकडे तोंड करून रडली. धुराचा बहाणा केला नाही, आवाजही दाबला नाही. विनीतला ऐकू येत होतं. तो उठून आला नाही.