पंकजाचे आठ फॉर्म

आमच्या ह्यांचं नाव कारभारी. काय पाहून ठेवलं देव जाणे, कारण घरातला एकही कारभार ह्या माणसानं आजवर धड केलेला नाही. गावाचा मात्र सगळा करतात. मी त्यांची बायको, सविता. राहुरी तालुक्यातल्या आमच्या गावात अंगणवाडी चालवते. बायकोनं नवऱ्याबद्दल असं लिहू नये म्हणतात. म्हणोत. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं, आता थोडं त्यांनी ऐकावं.

हे कार्यकर्ते आहेत. कुणाचे, तर साहेबांचे. साहेब म्हणजे फार मोठी असामी नव्हे, तालुक्याच्या राजकारणातली दुसरी फळी. एक शिक्षणसंस्था, एक पतसंस्था, आणि कारखान्याच्या निवडणुकीत दर वेळी पडणारं एक पॅनल. पण आमच्या ह्यांना विचाराल तर सूर्यसुद्धा साहेबांना विचारून उगवतो. सकाळी खळ घातलेला पांढरा शर्ट चढवायचा, कपाळाला अष्टगंध लावायचा आणि गाडीला किक मारून बंगला गाठायचा. तिथं काय करतात? व्हरांड्यात उभे राहतात. साहेब बाहेर आले की खुर्ची पुढे सरकवतात, साहेब गाडीत बसले की दार लावतात. गाडी वळणाआड गेली की जमलेल्या लोकांना सांगतात, "मी बोललोय सायबांशी. हून जाईल."

इकडे उसाला पाणी मी धरते, गाईंची धार मी काढते, डेअरीला दूधही मीच घालते. हे संध्याकाळी येतात आणि जेवताना साहेब आज काय म्हणाले ते सांगतात. एवढ्या वर्षांत ह्यांच्या शब्दानं झालेली कामं मोजायची तर गावाबाहेरची एसटीची शेड, तीही निम्मी गळते.

पंकजा आमची एकुलती एक मुलगी. हट्ट बापाकडून घेतलाय, तोंड माझ्याकडून. बारावीची परीक्षा झाली तेव्हा ती केडगावला माझ्या भावाकडे, रविराजकडे, राहायला गेली. त्याचं तिथं चष्म्याचं दुकान आहे. डोळे तपासायला एक शिकलेली मुलगी ठरलेल्या वारी येते. एकदा एक बाप आपल्या पोराला घेऊन आला आणि दुकानात शिरल्यापासून त्याला बोलत होता की फळ्यावरचं धड उतरवत नाही, ढ आहे, आईचे लाड आहेत. त्या मुलीनं पोराच्या नाकावर तपासणीची जड गोल फ्रेम चढवली, एकेक काच बदलत गेली, आणि पोरगं रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी घडाघडा वाचायला लागलं. बाप गप्प बसला. पंकजा म्हणते, बापाला असं गप्प बसवता येतं हे तिनं पहिल्यांदाच पाहिलं. घरी आली ती ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढायचं शिक्षण, करायचं ठरवूनच.

रविराजनं मला फोनवर नीट समजावलं. "ताई, हे शिक्षण गल्लोगल्ली मिळत नाही. ज्या कॉलेजच्या हाताशी डोळ्यांचं हॉस्पिटल आहे तेच बघायचं. पेशंटच तपासायला मिळाले नाहीत तर पदवी भिंतीला टांगायची. प्रत्येकाचा फॉर्म वेगळा, तारीख वेगळी. कमीत कमी आठ ठिकाणी भरू दे. दोन तिच्या मार्कांना जड जाणारी, चार जमतील अशी, आणि दोन कुठंच नाही झालं तर."

पंकजानं आठ निवडली. तिथं शिकणाऱ्या मुलींना फोन करून करून निवडली. पुण्याची दोन तिला मनापासून हवी होती. आणि मग हे घरी आले.

"आठ?" हे म्हणाले. "आठ कशापायी? आपल्या सायबांच्या संस्थेत यंदापासून ह्योच कोर्स निघतोय. मी बोललोय. सायेब म्हनले, हून जाईल."

"अप्पा, तिथं हॉस्पिटल हाय का?"

"बिल्डिंग बांधलीय की सायबांनी. चार मजली."

"मग पेशंट काय जिन्यात तपासायचे?"

झालं. ह्यांचा आवाज चढला. "सायबांनी शब्द दिल्यावर दुसरीकडं फॉर्म भरायचा म्हंजी आपला त्यांच्यावर भरवसा न्हाई असं व्हतंय. उद्या बंगल्यावर कळलं तर मी कुठल्या तोंडानं उभा राहू? आन आठ ठिकानी आठ जनांनी न्हाई म्हनलं तर? पोरगी काय आठ दारी दाखवत फिरायची हाय का?"

हे बाहेरच्या माणसाला कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्याकडे शब्दाची एक रीत आहे. एका पुढाऱ्याकडे काम टाकलं की तेच काम दुसरीकडे टाकायचं नाही. टाकलं आणि कळलं, तर तो माणूस फुटला असं धरतात. विहिरीच्या वीजजोडापासून पोराच्या नोकरीपर्यंत सगळं ह्या रीतीनं चालतं, म्हणजे चालत नाही. पण पोरीच्या शिक्षणालाही कुणी ती लावेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग आमच्या ओट्यावर म्हशीच्या बाजारासारखा सौदा झाला. पंकजा आठावरून पाचावर आली. मी मध्ये पडून म्हटलं, निदान पुण्याची दोन आणि साहेबांचं एक, तीन तरी भरू द्या. हे जागचे हलले नाहीत. "येक म्हंजी येक." मी म्हटलं, "अहो, बी पेरतानासुद्धा आपन एका जागी दोन टाकतो." तर म्हणाले, "तुला शेतातलं कळतं, तेवढं बोल." शेतातलं मला कळतं हे तरी त्या दिवशी कबूल केलं म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी बाहेर असताना ह्यांनी कपाटातली फाईल काढली. शाळा सोडल्याचा दाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, जातीचा दाखला, सगळी मूळ कागदपत्रं बंगल्यावर नेऊन दिली. कुणी मागितली नव्हती. साहेबांना आपली निष्ठा दिसावी म्हणून दिली! दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला वेडा म्हटलं असतं. ह्यांना काय म्हटलं ते इथं लिहिता येणार नाही.

रविराज म्हणाला, "ताई, स्कॅन केलेली सगळी कागदं माझ्याकडं आहेत. मी आठही भरून टाकतो, भाऊजींना पत्ता लागणार नाही. मूळ कागदांचं पुढं बघू." मी हो म्हणणार तेवढ्यात पंकजानं माझ्या हातातून फोन घेतला. "मामा, चोरून भरायचे न्हाईत. मला शिकायला जायचंय, पळून न्हाई जायचं. त्यांनी हो म्हनायचं, मग भरायचे." त्या क्षणी मला बापापेक्षा लेकीचा जास्त राग आला. कानाखाली वाजवावीशी वाटली. तारखा निघून चालल्यात आणि ही तत्त्व धरून बसली!

त्यानंतर आमच्या घरात जे सुरू झालं त्याला भांडण म्हणता येणार नाही, भांडणात निदान आवाज असतो. पंकजानं बापाला अप्पा म्हणणं सोडलं. "कार्यकर्ते, जेवायला या." "कार्यकर्ते, तुमचा फोन वाजतोय." शेजारीपाजारी हसायला लागले. हे ताटावर बसायचे, दोन घास खायचे आणि उठून जायचे. मला दया आली का? नाही आली. भाकरी मात्र रोज गरम वाढली, कारण अन्नावर राग काढायची सवय मला नाही.

पुण्याच्या पहिल्या कॉलेजची तारीख गेली. मग दुसऱ्याची गेली. पंकजा त्या दिवशी जेवली नाही, गोठ्यात जाऊन शेण भरत बसली. मी ह्यांना विचारलं, साहेबांच्या संस्थेचा फॉर्म कधी निघणार? "हून जाईल." पुढच्या आठवड्यात तेच. आठांतली पाच गेली तेव्हा पोरगी सकाळी सकाळी ह्यांच्या गाडीपाशी जाऊन उभी राहिली.

"मी बंगल्यावर येनार."

"बाईमानसाचं तिथं काय काम?"

"माझी कागदं हायेत तिथं."

ती मागं बसली, तिच्या मागं मी. तिघं एका गाडीवर.

बंगल्यावर आसाराम होता. हा साहेबांचा पीए, ह्यांच्या रोजच्या उठण्याबसण्यातला. त्यानं खुर्च्या दिल्या, पाणी दिलं. पंकजानं पाणी घेतलं नाही, सरळ विचारलं, "काका, तुमच्याकडचा ऑप्टोमेट्रीचा फॉर्म कधी निघनार?"

"कसला फॉर्म? त्येची मान्यता कुठं आलीय अजून? आता यंदा काय येत न्हाई." आणि मग तो खुशीत येऊन सांगायला लागला, "आमची पोरगी निकिताबी त्याच लायनीला चाललीय की. नऊ ठिकानी भरले हुते. पुन्याला लागला तिचा नंबर."

ह्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "नऊ? आन आपल्या संस्थेत?"

आसाराम हसला. "दादा, मी पीए हाय, येडा न्हाई."

तेवढ्यात साहेब बाहेर आले. सवयीनं ह्यांचा हात खुर्चीकडे गेला. खुर्ची सरकवून हे चाचरत म्हणाले, "सायेब, ते आपन पंकजाचं शब्द दिल्ता..."

"कोन पंकजा?" साहेब म्हणाले. ती त्यांच्या समोर उभी होती.

"माझी पोरगी, सायेब. डोळ्याच्या कोर्सचं. दुसरीकडं कुठंच फॉर्म भरला न्हाई. आपल्या शब्दावर थांबलोय."

साहेबांना खरंच हसू आलं. "आरं कारभारी, हून जाईल म्हंजी काय शब्द व्हय? मी सगळ्यांनाच म्हनतो. न्हाई म्हनलं की मानसं नाराज व्हत्यात. एकाच ठिकानी भरून कोन बसतं रे?" ते गाडीत बसले. ड्रायव्हरनं गाडी सुरू केली. आणि आमच्या ह्यांनी पुढे होऊन दार लावलं.

ह्यांना ते दार लावताना मी पाहिलं आणि माझा उरलासुरला जीव जळाला. रडावं, ओरडावं, निदान हात खिशात तरी ठेवावा माणसानं!

फाईल कागदांच्या ढिगात, एका पिशवीखाली सापडली. पंकजानं एकेक कागद तपासून घेतला आणि आम्ही तिथूनच केडगावला रविराजच्या दुकानात गेलो. उरलेले तिन्ही फॉर्म त्याच दिवशी भरले. हे बाहेर पायरीवर बसून होते. रविराजनं आतून विचारलं, "भाऊजी, भरू ना?" ह्यांनी नुसती मान हलवली. पोरीला हवा होता तो होकार हाच, पाच कॉलेजं गमावून मिळालेला.

तीनांतल्या दोघांनी नाही म्हटलं. तिसऱ्यानं घेतलं. हे तिसरं म्हणजे रविराजच्या सांगण्यावरून कुठंच नाही झालं तर म्हणून शेवटी ठेवलेलं, विदर्भात, आमच्याकडून एक रात्र आणि अर्धा दिवस लांब. त्यांचं हॉस्पिटल छोटं आहे. पंकजानं तिथल्या मुलींना फोन केला, ऐकलं, फोन ठेवला आणि म्हणाली, "आई, चष्म्याचे नंबर तिथंबी तेच असतात." म्हणाली खरी, पण पुण्याची दोन नावं आता ती तोंडातून काढत नाही. मला ते सोसत नाही.

ती गेली त्याच आठवड्यातली गोष्ट. भावकीतला बन्सी आला. त्याच्या पोराला फार्मसीला जायचंय. मी आत चहा टाकत होते. बाहेर ह्यांचा आवाज कानावर आला, तोच जुना, खळ घातलेला.

"पंकजाचं सायबांनीच केलं की. पार विदर्भात फोन लावला. तुझ्याबी पोराचं सांगतो. हून जाईल."

"मग दुसरीकडं फॉर्म भरू का नको, दादा?"

"काय गरज? येकच भर. शब्द म्हंजी शब्द."

मी गॅस बंद केला. दुसऱ्या माणसासमोर नवऱ्याचं बोलणं खोडायचं नाही, हे माझ्या आईनं मला शिकवलंय, तिच्या आईनं तिला. मी बाहेर येऊन दारात उभी राहिले.

"बन्सी भाऊजी, सायबांनी आमच्या पंकजाला वळखलंसुद्दा न्हाई. ती समोर हुती, तरी इचारलं कोन पंकजा म्हनून. ह्यांच्या पायी तिची पाच कॉलेजं गेली. तुमी जेवढे भरता येतील तेवढे फॉर्म भरा, आन आजच भरा."

बन्सी चहाला थांबला नाही. तो गेल्यावर हे म्हणाले, "मानसात माझी इज्जत घालवलीस."

"व्हय," मी म्हटलं. "घालवली. आन परत कुनी आलं तर परत घालवीन."