बाबांची समुद्राची फाइल

आमच्या बाबांकडे समुद्राची फाइल होती. दिल्लीतल्या सरकारी क्वार्टरमध्ये, लोखंडी कपाटात, विजेची बिलं आणि आईच्या डोळ्यांच्या तपासण्या यांच्या मधोमध ती उभी असायची. पिवळट पुठ्ठा, लाल फीत, वर बाबांच्या वळणदार अक्षरात ‘घर – किनारा – स्थिती’. सगळी नोकरी केंद्र सरकारात काढलेल्या माणसाचा, एखादी गोष्ट फाइलवर नसेल तर ती अस्तित्वात आहे यावर विश्वास बसत नाही. समुद्रालाही त्यांनी तोच नियम लावला होता.

घर कोकणात, किनाऱ्यावर. बाबांच्या वडिलांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं, कौलारू. तीन खोल्या, पुढे ओटी, मागे विहीर. ओटीसमोर चार माड, मग वाळू, मग तो. दरवर्षी मे महिन्यात आम्ही दिल्लीहून निघायचो आणि घामाने चिंब होऊन तिथे पोचायचो. पहिल्या सकाळी चहाच्याही आधी बाबांचा कार्यक्रम ठरलेला. धोतर खोचून ओटीच्या पायरीवरून निघायचे आणि ओल्या वाळूपर्यंत मोठ्याने पावलं मोजत जायचे. आकडा फाइलमध्ये. पुढच्या रकान्यात शेरा, ‘स्थिती समाधानकारक’. सही.

दिल्लीत त्यांच्या ऑफिसात या घराची कीर्ती वेगळीच होती. “साहब की तो समुंदर पे कोठी है,” असं तिथला चपराशी नव्या माणसाला सांगायचा. बाबा ते ऐकायचे आणि अजिबात नाकारायचे नाहीत.

माझं तेव्हा अगदी छान चाललं होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. बाजार नुकता खुला झाला होता, परदेशी कंपन्या गुडगावात येऊन काचेच्या इमारती उभ्या करत होत्या, आणि त्यातल्या एकीत मी मॅनेजर होतो. किती लोकांना मॅनेज करतो असं आईने एकदा विचारलं, तेव्हा मी विषय बदलला होता. आठव्या मजल्यावर फ्लॅट घेतला होता. खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची, पाणी टँकरने यायचं आणि वीज जनरेटरच्या मर्जीवर असायची. पण लिफ्ट होती, आणि एक खोली मी आई-बाबांसाठी राखून ठेवली होती.

बाबा त्या वर्षी निवृत्त होणार होते. क्वार्टर पुढच्या मेअखेर सोडायचं होतं. त्यानंतर राहायचं कुठे, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. “किनाऱ्यावर,” ते म्हणायचे. “तुझ्या त्या आभाळातल्या पेटीत नाही.”

आता एक कबुली देऊन टाकतो. मला ते किनाऱ्यावर जायला नको होते. मला ते त्या खोलीत हवे होते. मुलीला मराठी शिकवायला, आम्ही उशिरा आलो तर दार उघडायला, आणि असेच. हे मी कुणाला बोललो नव्हतो. बायकोलाही नाही. ती मात्र त्या खोलीला पडदे लावताना माझ्याकडे बघून हसली होती.

भाद्रपदात मेस्त्रींचं आंतर्देशीय पत्र आलं. मेस्त्री म्हणजे आमचे कोकणातले शेजारी, सुतारकाम करायचे आणि वर्षभर आमच्या घराकडे लक्ष ठेवायचे. त्यांनी लिहिलं होतं: ‘दोन माड गेले. उधाणाचं पाणी ओटीच्या पायरीला लागून गेलं. पुढच्या पावसाळ्यात घर राहील असं वाटत नाही.’

बाबांनी चष्मा लावला, फाइल काढली, पानं उलटली.

“अशक्य,” ते म्हणाले. “मेमध्ये ब्याण्णव पावलं होती. त्याच्या आदल्या वर्षी नव्वद. म्हणजे समुद्र उलट मागे गेलाय.”

तसं त्यांनी मेस्त्रींना मुद्देसूद कळवलं, फाइलमधल्या आकड्यांसकट. आठवड्याभराने संध्याकाळी मेस्त्रींचा फोन आला. गावातल्या एसटीडी बूथवरून बोलताना ते इतके ओरडायचे की रिसीव्हर बाबांच्या कानाला असला तरी सगळ्या घराला ऐकू यायचं.

“दादा, समुद्र मागे गेला नाही हो! तुमचे गुडघे गेले!”

आई स्वयंपाकघरात हसायला लागली. बाबांनी फोन ठेवला आणि बराच वेळ ते गुडघ्यांकडे बघत बसले.

शेवटी माझ्या बायकोने तोडगा काढला. “बाबा, दुधाच्या बूथपर्यंत पूर्वी किती पावलं व्हायची?”

“दोनशे चाळीस,” बाबा तत्काळ म्हणाले. अर्थात तेही त्यांनी मोजलेलं होतं.

“मग चला, आत्ताच जाऊन येऊ.”

दोघं पिशवी घेऊन गेली. परत आली तेव्हा बाबांचा चेहरा उतरला होता. तीनशे अकरा. त्यांनी फाइल पुन्हा काढली आणि शेवटच्या नोंदीखाली लिहिलं, ‘मागील काही वर्षांच्या नोंदी ग्राह्य धरू नयेत.’ सही केली. किनाऱ्यावरची पावलं तेवढीच राहिली होती, फक्त प्रत्येक पाऊल लहान होत गेलं होतं, आणि समुद्र त्या फरकातून निवांत आत येत राहिला होता. शिवाय आम्ही त्याला आयुष्यभर फक्त मे महिन्यातच बघितलेला. सुट्टीत भेटणाऱ्या नातेवाइकासारखा, हसतमुख.

मग मी सूत्रं हातात घेतली. म्हणजे आमच्या सोसायटीच्या भिंती बांधणाऱ्या ठेकेदाराला चहाला बोलावलं. धिप्पाड, दिलदार माणूस. सगळं ऐकून घेतल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला.

“भाईसाहब, वहाँ पानी कितने बजे आता है?”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. दिल्लीत हा प्रश्न रोजचाच. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी अर्धा तास.

“समुद्राचं पाणी, भैया,” बायको म्हणाली. “समुंदर का.”

“हाँ तो उसका भी टाइम होगा ना. टाइम बता दो, बीच में दीवार खड़ी कर देंगे.”

मेस्त्रींचा पुढचा फोन आला तेव्हा मी हा किस्सा हसत हसत त्यांना सांगितला. ते हसले नाहीत. “बरोबर विचारलंय त्यांनी. तुम्ही दिल्लीवाल्यांनी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतंत.” मग भिंत का नको, तेही त्यांनी समजावलं. भिंत बांधली की पाणी तिच्या दोन्ही टोकांनी वळसा घालतं, आणि मग आपल्याबरोबर शेजाऱ्याचंही नेतं. आणि शेजारी कोण, तर तेच.

“घर मागे घ्या,” ते म्हणाले. “वर काजूच्या बाजूला तुमचीच जागा आहे.”

बाबांनी रिसीव्हर माझ्या हातून घेतला. “घर म्हणजे काय ट्रंक आहे का, उचलून दुसरीकडे ठेवायला?”

“चिरा मातीत बसवलाय दादा, सुटतो. वासे खुंट्यांनी जोडलेत. माझ्या आजोबांनी जोडलेत ते, मी सोडवतो. पण मेअखेरपर्यंत कौलं चढली पाहिजेत. नंतर काही खरं नाही.”

मेअखेर म्हणजे क्वार्टर सोडायचीही तीच वेळ. घर उभं राहिलं तर तिकडे, नाही तर आठव्या मजल्यावर. बाबा दोन दिवस फाइल चाळत राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी समुद्राची फाइल माझ्यासमोर ठेवली.

“मॅनेजर आहेस ना? कर मॅनेज.”

आता प्रश्न असा, की घर सोडवल्यावर कुठला वासा कुठे बसवायचा हे कळणार कसं? याचं उत्तर माझ्या ऑफिसात होतं. तिथे चिकटणाऱ्या पिवळ्या चिठ्ठ्यांचे गठ्ठे यायचे. तेव्हा ती अपूर्वाई होती. आमच्या मीटिंगमध्ये भिंतीवर चिठ्ठ्या लावून आम्ही जगातले बहुतेक प्रश्न सोडवत असू. मी सहा गठ्ठे आणले आणि फ्लॅटमध्ये चाचणी घेतली. कपाट, खुर्च्या, दारं, सगळ्यांवर नंबर. तीन आठवडे एकही चिठ्ठी हलली नाही.

“माझं कपाळ तेवढं राहिलंय,” बायको म्हणाली.

एप्रिलमध्ये मोठी रजा टाकून मी आई-बाबांसह कोकणात पोचलो. समुद्र ओटीपासून इतका जवळ होता, की पावलं मोजायचा विषय कुणी काढला नाही. मी दुसऱ्याच दिवशी शिडीवर चढलो आणि प्रत्येक वाशाला, प्रत्येक चौकटीला चिठ्ठी लावली. मेस्त्री खाली विडी ओढत बसले होते. मला वाटलं, आश्चर्याने बघतायत.

सकाळी उठलो तर ओटी पिवळी झालेली. चिठ्ठ्या जमिनीवर, पायरीवर, विहिरीच्या पाण्यावर, एक तर मेस्त्रींच्या गाईच्या पाठीवर. दिल्लीच्या कोरड्या हवेत घट्ट बसलेला डिंक इथल्या दमट हवेत एक रात्रही टिकला नव्हता. मेस्त्री खराट्याने गोळा करत होते.

“भाऊ, तुमची पानगळ झाली.”

“आता काय करायचं?” मी अक्षरशः घाबरलो होतो.

त्यांनी मला शिडीवर चढवलं आणि वाशाच्या खालच्या बाजूला बोट लावायला सांगितलं. पटाशीने कोरलेल्या बारीक खाचा. एक, दोन, तीन. पुढच्या वाशाला चार. सगळ्या वाशांना. हे काम त्यांनी मी यायच्या आधीच आठवडाभर खपून करून ठेवलं होतं.

“मग काल दिवसभर मला का लावू दिल्यात चिठ्ठ्या?”

“इतक्या लांबून आलात. म्हटलं, काहीतरी काम पाहिजे ना हाताला.”

आई तेव्हा इतकी हसली की तिला ठसका लागला. बाबांनी मात्र एक चिठ्ठी उचलली, उलटसुलट बघितली आणि फाइलमध्ये ठेवली. “जागतिक अनुभव,” ते म्हणाले.

घर उतरत गेलं. आधी कौलं, मग त्यांच्याखालच्या रिपा, मग वासे, मग चिऱ्यांचे थर. गडीमाणसं चिरे डोक्यावरून वर न्यायची, वर मेस्त्री खाचा बघून जागा दाखवायचे, आणि मी मधे उभा राहून ‘जपून, जपून’ म्हणायचो. मॅनेजमेंटची याहून शुद्ध व्याख्या मला आजवर सापडलेली नाही. खाऱ्या पाण्याने भुसभुशीत झालेले पुढच्या भिंतीचे चिरे टाकून द्यावे लागले. मुलीच्या शाळेला सुट्टी लागल्यावर बायको तिला घेऊन आली. दरवर्षी येऊनही भरती आणि ओहोटी हे शब्द आमच्या लेकीने कधी ऐकलेच नव्हते. दिवसभर पाणी बघून तिने विचारलं, “बाबा, समुद्र रोज अप-डाउन करतो?”

“हो,” आजोबा म्हणाले. “तुझ्या बाबांसारखाच. फक्त हा वेळेवर परत येतो.”

अमावास्येला संध्याकाळी पाणी चढलं. जुन्या जागेवर आता फक्त जोतं आणि पुढच्या भिंतीचे दोन थर उरले होते. लाट आली, जोत्याला लागली आणि कोपऱ्यातले चार चिरे सहज, चेंडूसारखे घेऊन गेली. आमच्या ओळखीच्या मे महिन्यात, त्या हसतमुख समुद्राने. बाबा काजूखाली खुर्ची टाकून बसले होते. मी मनात हिशेब करत होतो, की वर अजून निम्मं छप्पर बाकी आहे, आणि हाताशी फार तर दहा-बारा दिवस. आणि माझ्या लक्षात आलं, की मी घाबरलोय. घर उभं राहणार नाही म्हणून घाबरलोय. ती पडदे लावलेली खोली मला कित्येक दिवसांत आठवलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून मी ‘जपून’ म्हणायचं सोडलं आणि कौलं वाहायला लागलो. वाईट वाहिली. सात फोडली. मेस्त्रींनी मोजली आणि मला सांगितली.

शेवटची कौलं चढली त्या सकाळी मी आणि बाबा नव्या ओटीवर बसलो होतो. समुद्र इथून अर्धाच दिसत होता, अर्धा मेस्त्रींच्या माडांआड. मी बऱ्याच दिवसांचं साठलेलं बोलून टाकलं.

“बाबा, खरं सांगू? मला वाटत होतं हे घर जावं. म्हणजे तुम्ही गुडगावला आला असता.”

“माहीत आहे,” बाबा म्हणाले.

“कधीपासून?”

“तुझ्या बायकोने मला पडद्याचा रंग विचारला तेव्हापासून.” ते गुडघे चोळत होते. “म्हणून तर फाइल तुझ्याकडे दिली. ऑफिसात मी नेहमी असंच करायचो. ज्याचा विरोध असेल, त्यालाच समितीचा अध्यक्ष करायचा. मग तोच धावतो.”

त्यांनी चहाचा कप माझ्याकडे सरकवला, रिकामा. म्हणजे आणखी आण.

दुपारी मी बाजारातल्या एसटीडी बूथवर गेलो. माझी रजा दोन दिवसांत संपत होती, आणि छप्पर तर पुरं झालं होतं. गुडगावला साहेबांना फोन लावला.

“हाँ भाई, कब आ रहे हो?” ते म्हणाले. “यहाँ सब अटका पड़ा है.”

“सर, एक हफ्ता और लगेगा,” मी म्हणालो. “छत बाकी है.”